की दाबल्यावर आवाज

मिरजेहून मामंजी समडोळीला परत आले
ते गळ्याला पांढरी पट्टी आणि खिशात नवा फोन घेऊन.
आवाज तिकडेच राहिला.
कुठल्या बादलीत, ते आम्ही विचारलं नाही.

तीस वर्षं सांगलीच्या यार्डात
या माणसाने हळदीचे सौदे पुकारले.
पोत्यावर उभं राहून एकदा आकडा टाकला
की चौथ्या गाळ्यातला हमालही मान वर करायचा.
घरात मात्र माझ्याशी बोलणं म्हणजे
उंबऱ्याबाहेरचा एक खाकरा.
मी पदर सारखा करायचा, कप पुढे सरकवायचा.
सोळा वर्षं आमचं तेवढ्यावर भागलं.

आता खाकराही नाही.
दारात येऊन नुसते उभे राहायचे,
मी वळून दचकायची,
दूध उतू जायचं.

फोनवरची अक्षरं मुकी होती.
काच दाबली तरी त्यांना भरवसा नाही,
लागलं का नाही म्हणून परत दाबायचे.
चचहहाा, असा पहिला निरोप मला आला.
दुसरा, पपपाणी.
अभिनंदन हसला. पोरगंच ते.
त्यांनी फोन उशीखाली ढकलला
आणि दोन दिवस हातानेच खुणा केल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी, घरात कोणी नसताना,
मी हाताचं पीठ झटकलं आणि सेटिंग उघडलं.
भाषा. कीबोर्ड. प्राधान्ये.
खाली, पार खाली: की दाबल्यावर आवाज.
बंद होतं, चालू केलं.
शेजारी एक रेघ, रेघेवर बोटाने सरकणारा ठिपका.

वीस? मी म्हटलं.
त्यांनी एक अक्षर दाबून पाहिलं. मान हलवली.
तीस. पस्तीस.
ते भिंतीकडे बघत राहिले,
मनातला भाव लपवणाऱ्या व्यापाऱ्यासारखे.
पन्नास, मी जरा मोठ्याने म्हटलं. पन्नास एक वार.
डोळे माझ्याकडे आले.
पंचावन्न. साठ. साठ एक वार, साठ दोन वार—
आणि मामंजींनी तर्जनी वर केली.
पट्टीमागून नुसती हवा आली,
हसण्याची.

तेव्हापासून मला आवाज कळतात.
अक्षराचा कोरडा, सुपारी फुटावी तसा.
मोकळ्या जागेचा जरा जाड.
पुसण्याचा वेगळाच, आणि बटण दाबून धरलं
तर पोत्याला भोक पडून
हळकुंडं सांडत सुटावीत तसा.
रागात असले की दोन बोटांनी लिहितात.
आणि उंबऱ्याशी आले की एकदाच,
कुठलंही एक अक्षर, बहुतेक ळ.
टक.
मी कप सरकवते.

ह्यांचं म्हणणं, रात्रीचं तरी बंद कर ते, झोप मोडते.
बघू, म्हणते मी.

काल रात्री दीडला जाग आली.
सात टक. मग जाड.
त्रिशला लिहायला सात लागतात, मी मोजलेत.
त, त्याचा पाय मोडायचा, र, वेलांटी, श, ल, काना.
सोळा वर्षांत हे नाव त्यांनी तोंडाने घेतलेलं नाही.
अर्थात सोयाबीन लिहायलाही सातच लागतात,
आणि दराचा घोर त्यांना परवापासून आहेच.
पुढे बराच वेळ चाललं. थांबून, थांबून.
मधे लाईट आली असावी,
वारणेच्या काठावरून मोटारींची घरघर सुरू झाली,
मी कान त्यातून सोडवून पुन्हा त्यांच्या खोलीकडे नेला.
मग पुसण्याचा आवाज, दाबून धरलेला,
शेवटचं हळकुंड सांडेपर्यंत.

सकाळी फोन चार्जिंगला, चौकट रिकामी.
उंबऱ्याशी ळ वाजला.
त्यांनी उभ्या उभ्या लिहिलं, एकेक अक्षर नीट,
आणि मी हातभर अंतरावर असताना
माझ्या फोनवर पाठवलं:
काल आमटीत मीठ नव्हतं.

होतं.
मी चाखून बघितली होती.