खोकला

गुडघ्यांसाठी घेतला टब. बावधनला, चौथ्या मजल्यावर,
जिथे आधी अडगळ होती : सायकल, रिकाम्या कुंड्या, फराळाचे डबे.
महिनाभर छान गेलं.
मग श्रीपाद पाण्यात बसला की खोकायचा,
माझे डोळे चुरचुरायचे,
आणि तो वास, घशाशी चिकटून बसणारा.

आम्ही म्हटलं, क्लोरीन जास्त होतंय. टाकणंच बंद केलं.
खोकला वाढला.

वारज्याहून तौफिक मुजावर आला.
उकिडवा बसून नळीत पाणी धरलं,
दोन थेंब, मग आणखी दोन,
उजेडाकडे बघत म्हणाला,
"काकू, जास्त नाही, कमी आहे.
हा वास थकलेल्या क्लोरीनचा.
अंगाला तेल लावून बसता ना?"

लावतो. महानारायण.
वर घाम, साबण, दिवसभराचं अंग.
म्हणजे तो वास आमचाच,
पाण्यात मुरलेला,
वाफेबरोबर परत छातीत जाणारा.

"आणि ही खिडकी?"
ती मीच बंद केलेली, टेप लावून.
समोरच्या सबनीसबाईंना दिसायला नकोत
साठी उलटलेली दोन माणसं, गरम पाण्यात, समोरासमोर.

सगळं पाणी सोडून दिलं. अर्धा तास मोरी गुरगुरत होती.
टेप निघता निघेना, नखांत डिंक राहिला.
पंख्याचे साडेतीन हजार सांगून तो गेला.

संध्याकाळी कुणाकडे तरी मोहरी तडतडली,
फोडणी थेट आत.
श्रीपाद खोकला.
मी दचकून बघितलं, तर म्हणाला,
"मिरची गं. नुसती मिरची."