मागची बाजू

आई सांगते, तिनं आयुष्यात एकच सिनेमा पाहिला.
टीव्हीवरचे ती धरत नाही.
ते येतात नि जातात, म्हणते, पाव्हण्यांसारखे.

तो गोठिवलीत आला होता, जत्रेला,
टेम्पोतून, पत्र्याच्या दोन पेट्यांत.
खाडीच्या बांधावर बांबू रोवून पडदा ताणला,
आणि खारा वारा सुटला की
नायिकेच्या गालाला सुरकुती पडायची.

नाव आठवत नाही तिला. कोण कुणाचं कोण, तेही नाही.
एवढंच आठवतं:
थोरला भाऊ धाकटीची वेणी घालतो,
चुकतो, सोडतो, पुन्हा घालतो,
मग बैलगाडीत बसतो
आणि वळणापर्यंत हात हलवत राहतो.
डावा हात.
'त्यो डावरा व्हता,' आई म्हणते,
'आपल्या जोमासारका.'

जोमामामाला मी फोटोतही पाहिलेलं नाही.
खाडीत रेती काढायचा.
डुबी मारायची, तळाशी बादली भरायची,
दोरीला दोन हिसके द्यायचे.
एका दुपारी हिसके बसले, दोन,
आणि बादली वर आली
काठोकाठ भरलेली.
वरचे लोक पुढच्या हिशेबाला लागले होते,
मग कुणीतरी पाण्याकडे पाहिलं.

त्यानंतरच्या जत्रेत हा सिनेमा.

मी महाप्याला रात्रपाळीत सर्व्हर सांभाळतो.
चार वर्षं शोधत होतो, भेटेल त्याला विचारत:
वेणी घालणारा भाऊ, बैलगाडी, काळा-पांढरा.
लोक हसायचे. असे शंभर असतील.
शेवटी ठाण्यात, चेंदणीला,
एक म्हातारे ऑपरेटर भेटले,
त्यांना सिनेमांची नावं आठवत नव्हती, रिळं आठवत होती.
'वेणी ना? पाचव्या रिळात,' ते म्हणाले,
'तिथं जोड होता. दर वेळी तुटायचा.'
आणि पोस्टरचा रंग सांगितला. त्यावरून सापडला.

रविवारी लावला. आई मांडी घालून बसली,
पदर नीट केला, देवळात करते तसा.
वेणी आली. चुकली, सुटली, पुन्हा घातली.
गाडी निघाली. हात हलला.
'ह्यो नाय,' आई म्हणाली,
आणि जवला निवडायला उठली.

मी म्हटलं, अगं तोच आहे.
'नाय. त्यो डावरा व्हता.'
तिचा आवाज असा, की जणू
मी कुणा भलत्याला घरात घेतलं होतं
आणि म्हणत होतो, ओळख, हा तुझा भाऊ.

चार दिवस मी चिडून होतो.
आठवणीवर कोण भरवसा ठेवतो, असं स्वतःशी बोलत होतो.
पाचव्या दिवशी, पहाटे घरी आल्यावर,
बुटांची नाडी सोडता सोडता विचारलं:
तू बसली होतीस कुठं?

'आमी? बायामान्सं मागं.
पुडं पुरुष व्हतं ना. पडद्याच्या पल्याड, मिठागराकडं.
आमाला तिकडूनसुदिक दिसायचा.
तिकीट बी नव्हता.'

आता मिठागराच्या जागी पार्किंग आहे.

कपाटाच्या आरशासमोर बसवलं तिला पलंगावर,
मागं उभा राहिलो, तिच्या खांद्यावरून
फोन आरशाकडे धरला.
आधी नामावली आली, अक्षरं उलटी.
तिला काही फरक पडला नाही,
सुलटीही तिला वाचता येत नाहीत.

मग वेणी.
मग त्यानं बहिणीच्या डोक्यावर ठेवला, डावा.
गाडीचा दांडा धरला, डाव्यानं.

आई बोलली नाही.
वळण जवळ आलं तसा तिनं हात उचलला,
उजवा. जवल्याचा वास होता बोटांना.
आरशातल्या बाईनं डावा उचलला.

माझा दंड भरून आला होता.
गाडी दिसेनाशी झाली तरी
मी फोन खाली घेतला नाही.