सातापर्यंत

मला तेलुगू येत नाही.
आकडे तेवढे येतात, तेही सातापर्यंत,
टेबलावर झोपणाऱ्यांकडून शिकलेले:
ओकटी, रेंडू, मूडू...
आठाला काय म्हणतात
ते बावीस वर्षांत कुणी सांगितलंच नाही.

नरसम्मा गज्जम. पित्ताशयात खडे.
सिरिंजकडे बघून विचारते,
"दूध देणार का? उपाशी राहा म्हणालाव की रात्रीपासून."
दूध नाही गं. सोयाबीनचं तेल,
अंड्याच्या बलकातला थोडा अंश,
आणि त्यात घुसळलेली झोप.
शीर सापडते मनगटाजवळ. बोटांना तंबाखूचा वास,
अंगठ्याचं नख पान मुडपून झिजलेलं.
जरा जळजळेल हं.
"चटणीसारखं?"
त्याहून कमी. मोज आता.

ती मोजते विड्या मोजतात तशी,
अंगठा तर्जनीवर फिरत,
पंचवीसचा कट्टा बांधायच्या घाईत.
आरू. एडू.
अंगठा थांबतो अर्ध्या वळणावर.
जबडा सैलावतो, श्वास जातो,
आणि पुढचा श्वास
माझ्या मुठीतल्या रबरी फुग्यातून निघतो.

हेच पांढरं औषध खालच्या मजल्यावर
यलप्पाला, शॉकच्या आधी, पाच मिनिटांपुरतं.
आतड्यात दुर्बीण घालताना जरासं.
आयसीयूत यंत्रावरच्या मास्तरांना थेंबथेंब,
आज चौथा दिवस, त्यांची मुलगी बाहेर बाकावर
चादर पांघरून जागी.
फोडलेली बाटली ठेवता येत नाही.
उरलेलं टाकून देताना दर वेळी वाटतं,
कुणाला तरी पुरली असती.
मला घरी झोप लागते ती मागांच्या खडखडाटात;
अशोक चौकातले माग थांबले
की दचकून उठते मी,
बोटं अंधारात नाडी शोधत.

सिस्टरने गॉज मोजले. टाके झाले.
वायू बंद. नळी काढली.
नरसम्माच्या पापण्या हलल्या, ओठ हलले.
"एनिमिदी."
मला वाटलं, पाणी मागतेय.
वॉर्डबॉय बोल्ली हसला,
"नाही मॅडम, आठ म्हणतेय."

रजिस्टरमध्ये लिहिलं: अकरा पस्तीस.
पहिली नोंद दहा पाचची.
हा दीड तास मी सेकंदासेकंदाने जगले,
तिच्याकडे तो नाहीच.
सातानंतर सरळ आठ.
अंगठा पुन्हा फिरायला लागला होता,
आणि नवाला काय म्हणतात
ते मी वाकून ऐकत होते.