धुलाई यंत्रासाठी अर्ज

मिशिगनच्या वरच्या टोकाला, सरोवराच्या काठावर
मे महिन्यातही बर्फ चिकटून असतो. तिथल्या
अग्निशमन केंद्रात रात्री साडेदहाला
आइली कोस्केला सरकारी अनुदानाचा अर्ज भरते आहे.
मुदत शुक्रवारी पाचची.

रकाना सात : गरजेचं वर्णन करा.
तीन हजार अक्षरं, मोकळ्या जागा धरून.

ती लिहिते : आम्ही एकोणीस स्वयंसेवक. पगार कुणालाच नाही.
एक शाळेची बस चालवतो, दोघं लाकडाच्या गिरणीत,
एक दंतवैद्याकडे हिशेब लिहिते.
हे शेवटचं खोडते. अक्षरं वाचतात.
आगीतून आलेले कोट आम्ही घरीच धुतो,
पोरांच्या कपड्यांआधी किंवा नंतर,
जसा नंबर लागेल तसा.

पूर्वी काजळी म्हणजे दागिना.
कोट जितका काळा तितका माणूस मुरलेला.
टॉइवोने हेल्मेट अठरा वर्षं पुसलं नव्हतं,
नव्या पोरांना हुंगायला द्यायचा :
ही वखार. हे हॉटेल. आणि हे, बघ, चर्च.
मग घसा बसला, तो उठलाच नाही.

रकाना नऊ : कर्तव्यावर असताना मृत्यू?
टॉइवो घरी गेला, पलंगावर, एका मंगळवारी.
ती शून्य भरते.
शून्याकडे बघत राहते.

रकाना अकरा : प्रतिबंध.
धुराची सूचना देणारी दोनशे यंत्रं,
एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या छतांना.
किती आगी टळतील? आकडा द्या.
न लागलेली आग कुणी मोजायची?
न जळालेलं घर कुणाला फोन करत नाही.

गावाचा वाटा पाच टक्के :
तळलेल्या माशांच्या तीन शुक्रवारांत जमला,
वर सदतीस डॉलर उरले.

पावणेबाराला पेजर वाजतो.
निएमी म्हातारीच्या सॉनाचं धुराडं पेटलंय.

साडेतीनला ती घरी येते.
मशीनमध्ये मुलीचा ओला ट्रॅकसूट, उद्या सामना.
तो काढते, वाळत घालते.
दार उघडंच असतं मशीनचं, तोंड वासून.

कोट ती बाहेर ओसरीतल्या खिळ्याला अडकवते.
थंडीत तो कडक होतो,
आत कुणी उभं असल्यासारखा.

मग बोटं दोनदा साबणाने धुऊन
लॅपटॉप उघडते. मसुदा जतन झालाय.
शिल्लक अक्षरं : एकशे बारा.