दर वीतभरावर

डॉक्टर स्मारांदा खिडकीच्या कट्ट्यावर कात्रणं पसरते:
लिस्बनच्या निळ्या फरशा,
मोरोक्कोतला चांदण्यांची जाळी असलेला दरवाजा,
कुठल्याशा हॉटेलातला हिरवा मखमली कोच.
"मला काहीतरी हवंय," ती म्हणते,
"काय ते कळत नाहीये."
दातांची डॉक्टर आहे. दिवसभर
पांढऱ्या भिंतींत, पांढऱ्या दिव्याखाली
लोकांच्या तोंडातल्या अंधारात बघते.
घरी पांढरं नको, एवढं मात्र नक्की.

मी पातं ओलं करून भिंत खरवडायला घेते.
सिबियूच्या या गल्लीत कुठलीच भिंत
एका माणसाची नसते.
वर भाडेकऱ्यांचा पांढरा, घाईघाईचा.
त्याखाली पीच. नव्वदनंतर गावाला एकदम
पीचचा ताप आला होता.
त्याखाली ऑइलपेंटचा हिरवा, सरकारी,
तो पाण्यानं सुटत नाही,
शिव्या देऊन सोडवावा लागतो.
मग नीळ घातलेला चुना
आणि चुन्यावर
रुपेरी वेल.

हात थांबतो.

ही वेल मला पाठ आहे.
पाच पानं, एक कळी, पुन्हा पाच पानं,
आणि दर वीतभरावर एक पान असं
की ज्याच्या कडेला दोन खाचा.

माझा बाप साबिन, रंगारी.
सायकलच्या दांडीला बादली,
पाठीवर फडक्यात गुंडाळलेला नक्षीचा रूळ,
तान्हं मूल बांधावं तसा.
वॉलपेपर दुकानात नव्हता,
असता तरी आमच्या गिऱ्हाइकांसाठी नव्हता.
रूळ होता. वरून खाली, वरून खाली,
श्वास रोखून, कारण मधेच खोकला आला
की वेल वाकडी.
(त्याला खोकला होता. काही घरांत वाकडी आहे.)

मी दहा महिन्यांची असताना
त्यानं रूळ धुऊन पायरीवर वाळत ठेवला.
माझ्या हिरड्या शिवशिवत होत्या. रबर गार होतं.
आई सांगायची, "बापाची तीन महिन्यांची कमाई
चावलीस, आणि वर हसलीस."
नवा रूळ कुठला परवडायला!
त्याच रुळानं तो पुढे एकोणीस वर्षं
गाव रंगवत राहिला:
शाळेतल्या बाईंची बैठकीची खोली,
पोलिसाचं स्वयंपाकघर, पाद्र्याचा जिना,
आई जिच्याशी बोलत नसे तिचं शयनघरसुद्धा.
कुणी विचारलंच, हे पान असं का,
तर म्हणायचा, "किड्यानं खाल्लंय.
जिवंत वेलीला कीड लागतेच."
लोक मान डोलवायचे, पैसे द्यायचे.
कधी कधी अंडी द्यायचे.

यातलं काही मी बोलत नाही.
ओल्या स्पंजानं भिंत पुसते, एवढंच.

स्मारांदा जवळ येते, चष्मा कपाळावर ढकलते,
मोबाइलचा टॉर्च तिरपा धरते.
एका खाचेवरून बोट फिरवते, मग दुसरीवरून.
"गंमत आहे," ती म्हणते.
"हे दुधाचे दात आहेत. खालचे, मधले दोन.
डावा जरा आडवा आलेला."

माझी जीभ आपोआप
डाव्या दाताकडे जाते.
पडला, पुन्हा आला, तरी तसाच.

वाऱ्यानं लिस्बन खाली पडतं.
ती उचलत नाही.
"ही वेल येईल का पूर्ण भिंतभर?
आणि ते एक पान कॉम्प्युटरवर
नीट करून घेऊ, की..."
वाक्य अर्धंच सोडून
ती माझ्या तोंडाकडे बघत राहते,
धंद्याची सवय.

मी ओठ मिटून घेते.
मग उघडते.

"रूळ आहे माझ्याकडे," मी म्हणते,
"रबर वाळलंय. तेल चोळून बघावं लागेल.
दिवसाला एक भिंत.
चुन्याचे पैसे वेगळे."