अर्ध्या तासाने, त्याच ठिकाणी

पाच वाजून दहा मिनिटं.
हजर छत्तीस. हवेत बेचाळीस.
मी लिहिलं : गणसंख्येअभावी सभा तहकूब.
हीच सभा अर्ध्या तासाने, त्याच ठिकाणी.

मग कितीही चालतात.
माणसं तीच, खुर्च्या त्याच,
फक्त घड्याळाने हो म्हणायचं.

तोवर बसून राहायचं, जेल रोडच्या या हॉलमध्ये.
भिंतीशी वॉकर, घडी घातलेल्या चाकांच्या खुर्च्या,
ऑक्सिजनच्या यंत्रावर कुणीतरी ठेवलेला चिवड्याचा पुडा.
चौक मंडईतून दोन रिक्षा बदलून आलेल्या झुबेदा कोकणी
दर पाच मिनिटांनी विचारतात, झाला का अर्धा तास?

यादीत एकशे सव्वीस.
पैकी एकोणीस अमरधामला.
नावं कमी करायला ठराव लागतो,
ठरावाला सभा, सभेला गणसंख्या,
गणसंख्येत ते एकोणीस धरलेलेच.
ते वगळले असते
तर छत्तीस पुरले असते.
हे मी मागच्या पानावर पेन्सिलने करून पाहिलं
आणि खोडलं.

पाच चाळीस. विषय क्रमांक सात :
वॉकरला रोज पाच रुपये भाडं.
सूचक खैरनार. अनुमोदक, बऱ्याच वेळाने, सानप.
हात वर करा.
धात्रकबाईंचा खांदा धरलेला,
हात कानापर्यंत येऊन थांबला.
हे मत की केस सारले?
विचारल्यावर त्या रागावल्या.
मग चिठ्ठ्या.
जुन्या पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या बाजू, कात्रीने चार चार तुकडे.

मोजायला गायधनी.
नोट प्रेसमध्ये चौतीस वर्षं.
अंगठा ओला करून मोजतात, उलटे फिरवून पुन्हा मोजतात,
आणि प्रत्येक चिठ्ठी, सवयीने,
ट्यूबलाइटकडे धरून बघतात.
बाजूने सतरा. विरोधात सतरा.
एक कोरी. ती त्यांनी जरा जास्त वेळ धरली.
"हिच्यात काहीच नाही," म्हणाले.

सगळे अध्यक्षांकडे वळले.
लॉरेन्स सर उठले, म्हणजे उठायला लागले;
पुढ्यातला वॉकर सरकला, त्यावर रंगाने काढलेला आकडा चौदा.
"हा संस्थेचा आहे. फुकट वापरतोय.
मला यात मत नाही. निर्णायक तर नाहीच नाही."
खैरनार म्हणाले, सर, घटनेत असं कुठे लिहिलंय?
सर म्हणाले, नसेल.

मी लिहिलं : समसमान मतांमुळे ठराव नामंजूर.
लिहिलं : अध्यक्षांनी हितसंबंध जाहीर केला.
लिहिलं : आभार. चहापान.

एकोणिसातलं अकरावं नाव माझ्या आईचं आहे.
साहित्य नोंदवहीत, माझ्याच अक्षरात,
वॉकर क्रमांक नऊ, येणे बाकी.
आमच्या गॅलरीत असतो तो.
त्यावर टॉवेल छान वाळतात.

कोरी चिठ्ठी कुणाची
हे इतिवृत्तात येत नाही.
मतदान गुप्त होतं.