भावकी

कार्डिफबाहेरच्या कुंपणापाशी
ओब्सितू खुर्चीची चाकं थांबवते.
एमलिन बोट दाखवतात:
गुलाबी चौफाकी बोंडं, उकललेली,
आत केशरी बिया.
"तोंडात घालू नकोस, विष आहे.
लाकूड मात्र चिवट.
आईची चाती याचीच होती."

मग, काहीतरी वाचलेलं आठवून,
"तुमच्याकडे खातचा पाला चघळतात ना?
त्याचं हे चुलत भावंड."

खात म्हणजे आवदाय.
पहाटे अडीचला दवासकट खुडलेले शेंडे,
केळीच्या पानात आवळलेल्या जुड्या,
आणि ट्रकमागे धावणारा बाबांचा आवाज:
सुकलं की मातीमोल!
त्याच पाल्यावर तिची फी भरली,
त्याच पाल्यानं धाकट्याची झोप खाल्ली.

एमलिन सांगतच राहतात,
या भावकीत कुणी वेल होऊन
रानातल्या झाडांना विळखे घालतं,
कुणी उत्तरेच्या दलदलीत
एकच पांढरं फूल धरून उभं असतं.
ऊन उतरतं. त्यांच्या गुडघ्यांवरची शाल ती सारखी करते.

एक बोंड खिशात.
रात्री फोनवर धाकटा विचारतो,
तिकडे काय पिकतं?
"आपलंच कुणीतरी," ती म्हणते.
"पण चघळायचं नाही."